गोधडीचा साधन म्हणून विचार : कपिलधार परिसराच्या निमित्ताने

मराठी इतिहाससंशोधनाची उभारणी कागदावर झाली आहे. वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. साधन म्हणजे लेख, आणि लेख म्हणजे पत्र, सनद, महजर, करीना, बखर, असा जो संकेत तेव्हापासून रूढ झाला, तो आजही फारसा शिथिल झालेला नाही. हे कागद ज्या फडक्यात बांधून ठेवीत त्याला दप्तराच्या परिभाषेत 'रुमाल' म्हणतात. संशोधक रुमाल सोडतो, कागद वाचतो, आणि फडके पुन्हा गाठ मारून बाजूस ठेवतो. त्या फडक्याचे सूत कोठले, रंग कशाचा, ते पूर्वी कोणाच्या अंगावरचे होते काय, याची नोंद दप्तराच्या सूचीत सहसा आढळत नाही. कागद हे साधन आणि कापड हे त्याचे वेष्टन, हा भेद इतका अंगवळणी पडला आहे की तो भेद आहे हेही ध्यानात येत नाही.

युरोपातील वस्त्राभ्यासकांपुढे एका विशिष्ट प्रकारच्या रजईच्या निमित्ताने याच्या नेमका उलट प्रसंग आला. इंग्लंडात अठराव्या शतकाच्या आरंभापासून कागदी साच्यावर तुकडे जोडण्याची पद्धत प्रचारात असल्याचे दिसते. तिची कृती साधी पण काटेकोर आहे. प्रथम जाड कागदाचे षट्कोन, चौकोन किंवा त्रिकोण एकसारख्या मापाने कापावयाचे. प्रत्येक कागदावर त्याहून थोडा मोठा कापडाचा तुकडा ठेवून त्याच्या कडा मागे दुमडावयाच्या व कच्च्या दोऱ्याने टाचावयाच्या. मग असे दोन तुकडे तोंडाला तोंड लावून काठाकाठाने बारीक तिरप्या टाक्यांनी जोडावयाचे. सर्व बाजू शिवून झाल्यावर कच्चा दोरा उसवून कागद काढून घेतात. परंतु पुष्कळदा ते काढले जात नसत. काम अर्धवट राही, किंवा उबेसाठी कागद मुद्दाम आत ठेवीत. हे कागद नवे कोरे क्वचितच असत. जुनी पत्रे, हिशेबाची पाने, मुलांच्या कित्त्यांचे कागद, वर्तमानपत्रे, जे हाती लागेल ते कापले जाई. परिणामी कित्येक रजयांच्या पोटात त्यांचा काळ सांगणारा लेखी पुरावा आपोआप जपला गेला. १७१८ हा सनच जिच्यावर शिवून काढलेला आहे अशी रेशमी तुकड्यांची एक चादर ब्रिटनमधील रजईकारांच्या संघाच्या संग्रहात आहे. तिच्या मागचे कागद अद्याप जागच्या जागी आहेत. येथे कापड हे वेष्टन नाही आणि कागद हे साधन नाही. साधन आहे ते कापड, आणि कागद त्याचा साक्षीदार आहे.

महाराष्ट्रातील गोधडीच्या पोटात कागद नाही. तिच्यावर सन नाही, नाव नाही, आणि तिच्याविषयी दप्तरात काही नाही. म्हणून ती इतिहासाच्या कक्षेबाहेरची, लोकजीवनाच्या अभ्यासकाने वर्णन करावी व ललितलेखकाने आठवण काढावी अशी वस्तू मानली गेली. ही समजूत कितपत बरोबर आहे हे बीड जिल्ह्यातील कपिलधार परिसराच्या संदर्भात येथे तपासावयाचे आहे.

कपिलधार हे बीड तालुक्यात मांजरसुंब्याजवळ, बालाघाटाच्या डोंगरकपारीत वसलेले वीरशैव लिंगायत परंपरेचे क्षेत्र होय. डोंगरावरून कोसळणारी धार, आणि 'परमरहस्य' या मराठी ग्रंथाचे कर्ते मन्मथस्वामी यांची समाधी, ही त्याची ओळख. कार्तिक पौर्णिमेस येथे मोठी यात्रा भरते व मराठवाड्याप्रमाणेच कर्नाटक व तेलंगण या प्रदेशांतूनही दिंड्या येतात. कपिलधार हे गोधडीचे केंद्र आहे किंवा होते, असे म्हणण्याचा येथे मुळीच हेतू नाही. असे केंद्र महाराष्ट्रात कोठेच नाही, कारण जी वस्तू घरोघर होते तिला केंद्र नसते. या स्थानाचे महत्त्व निराळे आहे. मराठी, कन्नड व तेलुगू या तीन भाषांचे प्रदेश जेथे एकमेकांत मिसळतात त्या टापूतील माणसे येथे एकत्र येतात, आणि याच टापूतील कापडही पिढ्यान्पिढ्या एकमेकांत मिसळत आले आहे. कर्नाटकातील इलकलचे लुगडे मराठवाड्यात 'इरकल' या नावाने घरोघर पोहोचले. गुळेदगुड्ड येथील खण चोळीसाठी आला. तेलंगणातील नारायणपेठचे लुगडे आले. बालाघाटावरील जुन्या गोधडीत हे तिन्ही काठ शेजारी शेजारी येणे अगदी स्वाभाविक आहे. राजकीय नकाशावर हा प्रदेश १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला व १९६० मध्ये महाराष्ट्रात. गोधडीतील काठ या सीमांपूर्वीच्या व सीमांनंतरच्या दळणवळणाचा एकच अखंड नकाशा दाखवितात.

दुसरीही एक गोष्ट येथे नमूद करण्याजोगी आहे. लिंगायत परंपरेत 'कायक' म्हणजे श्रम हा उपासनेचाच प्रकार मानला गेला, आणि बाराव्या शतकातील शरणांमध्ये सुईचे काम करणारा सूजिकायकद रामितंदे हा वचनकार होऊन गेला. तथापि या तत्त्वज्ञानातून गोधडीचा उगम दाखविण्याचा मोह आवरला पाहिजे. गोधडी सर्व जातिधर्मांच्या घरांत होते, आणि सुईचा मान राखणारी परंपरा जवळ असली तरी ती गोधडी तिच्यामुळे झाली असे सिद्ध होत नाही.

ठिगळे जोडण्याच्या कलेची भारतातील प्राचीनता मात्र लेखी पुराव्यानेच सिद्ध आहे. विनयपिटकाच्या महावग्गातील चीवरस्कंधकात असे आले आहे की, दक्षिणागिरीकडे जाताना बुद्धांनी मगधातील बांध घातलेली, लांबरुंद पट्ट्यांत व चौकोनांत विभागलेली भातखाचरे पाहिली आणि भिक्षूंची चीवरे तशा आकृतीची करता येतील काय असे आनंदास विचारले. आनंदाने तशी चीवरे सिद्ध केली. या वृत्तांताकडे कलेच्या इतिहासकारांचे जावे तितके लक्ष गेलेले नाही. तुकडे जोडणे ही केवळ गरिबीची अपरिहार्यता नसून तेथे आकृतीचा आधी विचार झाला आहे, आणि तो विचार शेताच्या नकाशावरून झाला आहे. कागदी साचा नसला तरी साचा होता. संस्कृत वाङ्मयात 'कंथा' हा शब्द विरक्ताच्या जीर्ण वस्त्रासाठी येतो, भर्तृहरीच्या वैराग्यशतकातही तो आहे. पाणिनीच्या सूत्रांतील 'कंथा' मात्र ग्रामनामांशी निगडित आहे, ती या चर्चेत ओढून आणण्याचे कारण नाही. मराठीत गोधडी, वाकळ आणि लहान मुलाचे दुपटे हे शब्द प्रचारात आहेत. गोधडी हा विरक्ताचा वेश म्हणून मानाचा ठरला आणि गृहस्थाच्या घरी ती दारिद्र्याची खूण राहिली, हे दुहेरीपण अगदी अलीकडेपर्यंत टिकले. गाडगे महाराज (१८७६–१९५६) यांना 'गोधडे महाराज' म्हणत ते त्यांच्या अंगावरील चिंध्यांच्या वस्त्रामुळेच.

आता कृतीकडे वळू. जुनी लुगडी, धोतरे, पटके, चोळ्या धुऊन उसवतात. धड राहिलेले मोठे कापड खाली अस्तरासाठी घेतात. त्यावर मधले थर येतात, आणि या थरांत फाटके, विटलेले, विजोड असे सर्व काही खपते. वरच्या थरासाठी रंगाने टिकलेले तुकडे निवडतात. मग जमिनीवर सर्व पसरून, सुरकुती काढून, जाड सुईने व सुती दोऱ्याने धावदोरा घालीत जातात. अनेक ठिकाणी हा दोरा बाहेरच्या काठापासून सुरू होऊन चौकोनी फेऱ्यांनी आत सरकत जातो व मध्याशी संपतो. हे काम बहुधा उन्हाळ्यात, सुगी आटोपल्यावर व पेरणीपूर्वी होते. घरच्या बायका शेजारणींना बोलावून ते करतात. गावोगाव हिंडून मजुरीने गोधड्या शिवून देणाऱ्या भटक्या समाजांतील स्त्रियाही आहेत.

यातील मधल्या थरांची बाब इतिहासाच्या दृष्टीने सर्वांत मोलाची आहे. गोधडी जीर्ण झाली की ती टाकून देत नाहीत; तिच्या खालीवर नवे कापड घालून नवी गोधडी करतात. जुनी गोधडी नव्या गोधडीच्या पोटात जाते. कधी हा क्रम दोन-तीन वेळा घडलेला असतो. म्हणजे गोधडी ही एका काळची वस्तू नसून तिला पांढरीच्या टेकाडासारखे थर असतात, आणि उत्खननाचा नियम येथेही लागू पडतो: आतला थर सामान्यतः जुना, बाहेरचा नवा. अर्थात टेकाडात उंदरांची बिळे असतात तशी येथे मागाहून लावलेली ठिगळे असतात, आणि वरचे एखादे जुने पैठणीचे काठ आतल्या गिरणीच्या कापडाहून वयाने मोठे असू शकतात. म्हणून कोणत्याही थराचा काळ ठरविताना त्यातील सर्वांत नव्या घटकाकडे पाहावे लागते. सर्वांत जुन्या घटकाकडे पाहून काळ मागे ओढणे ही संग्राहकांची नेहमीची चूक आहे.

काळ ठरविण्यास प्रत्यक्ष आधार कोणते? पहिला सुताचा. हातमागाचे व गिरणीचे कापड विणीवरून वेगळे ओळखता येते. मुंबईत कावसजी दावर यांची गिरणी १८५४ मध्ये स्थापन झाली व १८५६ मध्ये तिचे काम सुरू झाले. औरंगाबादेस गिरणी निघाली ती एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात. पुढे नांदेडची उस्मानशाही गिरणी आली. इंग्लंडातील गिरणीचे कापड मात्र याच्या आधीपासून येत होते, त्यामुळे गिरणीचे सूत दिसले एवढ्यावरून वर्ष ठरत नाही. दुसरा आधार रंगाचा, आणि तो अधिक नेमका आहे. दख्खनेत तांबडा रंग आलीच्या मुळीपासून काढीत. मंजिष्ठेतील रंगद्रव्य अलिझारिन हे ग्रेब व लीबरमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी १८६८ मध्ये कृत्रिम रीतीने सिद्ध केले आणि थोड्याच वर्षांत त्याने आलीची शेती बसविली. कृत्रिम नीळ १८९७ मध्ये बाजारात आली. त्यापूर्वी, १८५६ मध्ये, पर्किनचा जांभळा रंग निघाला होता. तेव्हा एखाद्या थरात कृत्रिम जांभळा आढळल्यास तो थर १८५६ पूर्वीचा असूच शकत नाही. आलीचा व अलिझारिनचा तांबडा यांतील फरक नुसत्या डोळ्याने होत नाही, पण आलीत मोरिंडोन हे निराळे द्रव्य असल्यामुळे प्रयोगशाळेत तो होतो. तिसरा आधार दोऱ्याचा. पॉलिएस्टरचा दोरा असलेली शिवण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली, मग कापड कितीही जुने असो. कापड धुण्याच्या पावडरीतील उजळविणारी द्रव्ये जंबुपार किरणांत चमकतात; परंतु ती धुण्यातून जुन्या कापडातही शिरतात, म्हणून त्यांच्यावर भिस्त ठेवता येत नाही.

या कसोट्या लावल्यास गोधडी निनावी राहिली तरी कालहीन राहत नाही.

रंगांच्या संदर्भात बाटिकचा उल्लेख करावा लागतो, कारण मेणाच्या साहाय्याने रंगविलेले कापड व तुकड्यांची रजई यांचा संबंध दख्खनपासून सुरू होऊन पृथ्वीप्रदक्षिणा करून आला आहे. 'बाटिक' हा शब्द जावाचा. वितळलेले मेण कापडावर ठरावीक जागी लावावयाचे, रंगात बुडवावयाचे, आणि मेण काढून टाकावयाचे, म्हणजे तेवढी जागा पांढरी राहते. मेणाला पडलेल्या बारीक तड्यांतून रंग झिरपून ज्या रेषा उमटतात त्या या कामाची सही होत. ही क्रिया दख्खनेला अपरिचित नव्हती. गोवळकोंड्याच्या राज्यातील मच्छलीपट्टणच्या किनाऱ्यावर जे कलमकारीचे कापड तयार होई, त्यात निळीच्या कुंडात बुडविण्यापूर्वी निळा नको असलेला भाग मेणाने झाकीत. हे कापड जावासह सर्व द्वीपांतरात जाई. जावातील उत्तम बाटिकसाठी लागणारे घट्ट विणीचे पांढरे कापडही दीर्घकाळ भारतातून जात असे; एकोणिसाव्या शतकात त्याची जागा युरोपीय गिरण्यांच्या कापडाने घेतली, आणि याच शतकाच्या मध्यास तांब्याच्या ठशाने मेण उठविण्याची युक्ती निघून बाटिक स्वस्त झाले.

पश्चिमेकडे हेच चोलमंडल किनाऱ्याचे रंगीत कापड 'चिंट्झ' म्हणून इतके लोकप्रिय झाले की स्थानिक विणकरांच्या दबावाखाली फ्रान्सने १६८६ मध्ये त्यावर बंदी घातली व इंग्लंडने १७०० व १७२१ मध्ये कायदे केले. दुसऱ्या इंग्रजी कायद्याने असे कापड वापरण्यासच मनाई केली, आणि छापील सुती कापडावरील ही बंधने १७७४ पर्यंत टिकली. दुर्मीळ झालेल्या चिंट्झचा लहानसा तुकडाही जपून ठेवावा व दुसऱ्या कापडाशी जोडावा, ही प्रवृत्ती या परिस्थितीत बळावली असणे सुसंगत वाटते. तुकड्यांच्या इंग्रजी रजईचा उगम केवळ या बंदीत शोधणे अतिशयोक्तीचे होईल, कारण रेशमी तुकडेकाम तेथे स्वतंत्रपणे चालू होते. पण सुती तुकडेकामाच्या आरंभीच्या रजयांत भारतीय कापड महत्त्वाच्या जागी बसविलेले असते हे खरे. बार्बोझा या पोर्तुगीज लेखकाने सोळाव्या शतकाच्या आरंभी खंबायतच्या सुबक रजयांचा निर्देश केला आहे, आणि सतराव्या शतकाच्या आरंभी सुरतेच्या इंग्रज वखारवाल्यांच्या पत्रव्यवहारात रंगीत रजयांच्या मागण्या येतात. ही झाली व्यापाऱ्याची रजई. घरची गोधडी वखारीत गेली नाही, म्हणून वखारीच्या कागदात ती नाही.

आधुनिक भारतात बाटिकचे पुनरागमन शांतिनिकेतनातून झाले. रवींद्रनाथांनी १९२७ मध्ये जावा व बाली बेटांचा प्रवास केला, त्यांच्यासमवेत चित्रकार सुरेंद्रनाथ कर होते. त्या सुमारास कलाभवनात व श्रीनिकेतनात बाटिकचे शिक्षण सुरू होऊन पुढे ते देशभर पसरले. बाटिकच्या तड्यांच्या रेषांची नक्कल गिरण्यांनी छपाईत उतरविली, आणि अशा छापाचे कापड खेडोपाडीच्या बाजारात आले. म्हणून मराठवाड्यातील एखाद्या गोधडीत बाटिकसारखा तुकडा दिसल्यास दोन्ही बाजू पाहाव्यात. खऱ्या बाटिकमध्ये कापड रंगात बुडविलेले असल्याने उलटी-सुलटी बाजू जवळजवळ सारखी असते. छापील नकलेत मागची बाजू फिकी असते. दोन्ही प्रकारचे तुकडे बहुतेक विसाव्या शतकाच्या उत्तरार्धाचेच निघतील. याच गुणामुळे, म्हणजे घट्ट वीण, न उसवणारी कड आणि दोन्ही बाजूंस मुरलेला रंग यांमुळे, विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांपासून अमेरिकेतील रजईकारांनी कागदी साच्यावरील बारीक कामासाठी इंडोनेशियातील बाटिक पसंत केले. तेथे आता बाटिक नवे कोरे विकत घेऊन, ठरलेल्या आकृतीप्रमाणे कापून जोडतात. कापड जपण्यासाठी सुरू झालेली विद्या कापड कापण्याची विद्या झाली, हा कालमहिमा होय.

येथे गोधडी व कागदी साच्याची रजई यांतील खरा भेद स्पष्ट होतो. कागदावर आकृती आधी ठरते व कापड तिच्या आज्ञेत राहते. गोधडीत कापड आधी असते, आकृती मागाहून येते. लुगड्याचा पदर जितका धड असेल तितकी पट्टी, चोळीच्या बाहीतून निघेल तेवढा त्रिकोण. 'अंथरूण पाहून पाय पसरावे' असे म्हणतात. पण अंथरूण मुळात कशावरून पसरावे याचे उत्तर पेटीतल्या चिंध्यांवर अवलंबून असे. म्हणून गोधडीतील तुकड्यांची मापे ही त्या घराच्या कापडाच्या ऐपतीची मापे असतात. मोठे, सलग तुकडे म्हणजे कापड पुरते झिजण्यापूर्वी निवृत्त करण्याची ऐपत. बोटभर चिंध्या म्हणजे तसे न करता येणे. १९४३ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानात कापड व सूत यांवर नियंत्रण आले तेव्हा मुंबईच्या मालावर विसंबणाऱ्या प्रदेशांनाही टंचाईची झळ बसली. १९७२ च्या दुष्काळाने बीड जिल्हा होरपळला. या काळांतील थर इतर थरांहून बारीक तुकड्यांचे निघतात काय, हा प्रश्न मोजमाप करून सोडविण्याजोगा आहे.

मराठी सीमेवरील एक उदाहरण तुलनेस उपयोगी पडते. उत्तर कन्नड जिल्ह्यातील यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड या भागांत सिद्दी लोकांची वस्ती आहे. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आलेले. त्यांच्या स्त्रिया 'कवंदी' नावाची तुकड्यांची गोधडी शिवतात. काठापासून सुरुवात करून मध्याकडे जाण्याची रीत महाराष्ट्रासारखीच, पण चारी कोपऱ्यांत घडी घातलेल्या त्रिकोणी चिंध्यांची 'फुला' लावल्याखेरीज कवंदी पुरी झाली असे मानीत नाहीत. हेन्री ड्रूअल या अमेरिकन अभ्यासकाने कवंदीचा विशेष अभ्यास केला व तिच्या निमित्ताने आफ्रिकेतील वस्त्रपरंपरांशी तुलना झाली. महाराष्ट्रातील गोधडीवर गीता खंडेलवाल यांचा इंग्रजी ग्रंथ आहे आणि रजईकारांच्या वर्तुळात त्याचे चांगले स्वागत झाले. विद्यापीठीय इतिहासविभागांचे लक्ष मात्र अद्याप तिकडे वळावयाचे आहे. कवंदीला वंशाचा प्रश्न चिकटलेला असल्यामुळे तिच्याकडे अभ्यासक गेले; गोधडी आपलीच, म्हणून तिच्याविषयी प्रश्नच पडला नाही.

प्रश्न पडत नाही याचे दुसरे कारण भावुकता हे आहे. गोधडी म्हणजे आजीची माया, आईच्या लुगड्याची ऊब, असे वर्णन इतके वेळा झाले आहे की त्यापलीकडे काही असेल ही शंकाही उरली नाही. ती माया खोटी नाही. परंतु आजीच्या लुगड्याबरोबर त्याच गोधडीत दुसऱ्या कोणाचे कापड आले असेल, तर ते कोणत्या वाटेने आले, हे विचारणे इतिहासकाराचे काम आहे. गावगाड्यात जुने कापड वरून खाली जात असे. मोठ्या घरची उतरलेली वस्त्रे राबणाऱ्यांना, बलुतेदारांना मिळत. ती देणगी म्हणून दिली जात व मेहनतान्यात मोजली जात. महारांच्या परंपरागत हक्कांत प्रेतावरील कापडाचाही समावेश होता. ज्या घरी अंगावर घालावयास हे कापड येई त्या घरी अंथरावयासही तेच येणार, हे उघड आहे. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी अस्पृश्य स्त्रियांना उद्देशून जे भाषण केले त्यात लुगडे नेसण्याची पद्धत व दागिने यांवरून ओळखू येणारी हीनत्वाची खूण टाकून देण्याचा आग्रह होता. लादलेल्या वस्त्राचा हा नकार अंगावरील कपड्यापुरता राहिला की अंथरुणापर्यंत पोहोचला, याचे उत्तर भाषणांच्या अहवालांत मिळणार नाही. ते मिळालेच तर घराघरांतील गोधडीच्या थरांत, आणि त्या थरांविषयी अजून सांगू शकणाऱ्या वृद्ध स्त्रियांच्या स्मरणात मिळेल. एकाच गावातील दोन वस्त्यांतील गोधड्या शेजारी ठेवल्यास त्यांतील मायेत फरक दिसणार नाही, कापडाच्या मार्गात दिसेल.

हैदराबाद संस्थानचे दप्तर फारसीत व नंतर उर्दूत लिहिले गेले. त्यात जमीन, सारा, इनाम, तंटे आले. बालाघाटावरील शेतकरी, मजूर वा कारागीर स्त्री त्यात आली तर वारसाहक्काच्या वादापुरती. तिने स्वतः लिहिलेले काही नाही, कारण तिला लिहिता येत नव्हते. तिने स्वतः केलेले, तिच्या निवडीचे व तिच्या हातचे असे जे काही उरले आहे, त्यांत गोधडीचे स्थान मोठे आहे. या कारणासाठी गोधडीला पूरक साधन मानणे पुरेसे नाही. काही विषयांत तरी ती मुख्य साधन आहे.

हे साधन झपाट्याने नाहीसे होत आहे. १९८५ च्या वस्त्रधोरणानंतर कृत्रिम धाग्याचे कापड खेड्यांत सर्वत्र पोहोचले. आजच्या गोधडीत पॉलिएस्टरच्या साड्या असतात. त्या रंगाने टिकतात, वजनाला हलक्या असतात, पण घाम शोषत नाहीत आणि थर एकमेकांवरून घसरतात, म्हणून टाके जवळ घालावे लागतात. पानिपतची ब्लँकेटे तर गोधडीची जागाच घेत आहेत. तरीही दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार जोडप्याने, म्हणजे त्यांच्या भाषेत एका 'कोयत्या'ने, साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात तेव्हा त्यांच्या सामानात गोधड्या असतात. कारखान्याच्या फडाजवळ उभारलेल्या कोपीत थंडीचे चार-सहा महिने त्याच अंथरावयाच्या व त्याच पांघरावयाच्या असतात. याच सुमारास कपिलधारची यात्राही भरते व पायी आलेल्यांच्या वळकट्या डोंगरात उलगडतात. तांड्यावरची लमाण स्त्री, गावातली लिंगायत किंवा मराठा वा बौद्ध स्त्री यांनी शिवलेल्या गोधड्या वर्षातून एकदा अशा घराबाहेर, उघड्यावर दिसतात. संशोधकास त्या पाहण्याची, आणि ज्यांच्या आहेत त्यांना विचारण्याची, याहून सोयीची वेळ नाही.

पाहण्याची रीतही ठरवून घेतली पाहिजे. गोधडी उसवण्याची गरज बहुधा नसते. काठाजवळ जेथे शिवण आपोआप सुटलेली असते तेथे थर मोजता येतात, सूत व काठ पाहता येतो, रंगाचे चार धागे तपासणीस घेता येतात. प्रत्येक तुकड्याचे माप, वीण, काठाचा नमुना व टाक्यांची दिशा नोंदवावी. लुगडे कोणाचे, कोठून आले, कोणी दिले, कोणी शिवले, मजुरी काय दिली, हे जिने सांगितले तिच्याच शब्दांत लिहून घ्यावे. जुनी गोधडी संग्रहालयासाठी मागून नेऊ नये. ती अजून वापरात आहे व तिच्याखाली कोणीतरी निजते. मालकिणीच्या परवानगीने एखादा काठ मुद्दाम उसवलाच, तर तो उठण्यापूर्वी तिच्यासमोर, सुती दोऱ्याने, पूर्वीच्याच भोकांतून पुन्हा शिवून द्यावा.